जुनी गिटार घेताना : ओरखडा कोणता, तडा कोणता?

जुन्या सामानाचा धंदा करणाऱ्या आमच्या बांधवांच्या दुकानात कपाट, पलंग, पंखा, शिलाई मशीन यांच्या जोडीला एखादी गिटारही येऊन पडते. मुलगा नोकरीसाठी परगावी गेला, घर बदलले किंवा हौस फिटली की घरची मंडळी पहिल्यांदा तीच बाहेर काढतात. घेणारा दुकानदार कपाटाचा पत्रा ठोकून पाहतो, मशीनचे चाक फिरवून पाहतो. पण गिटार हाती आली की तिचा भाव तो चकाकीवरून ठरवतो. चकाकत असेल तर दोन पैसे जास्त, ओरखडे असतील तर कवडीमोल. आम्हीही काही वर्षांपूर्वी असेच केले आणि पैसे घालवून बसलो. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

झाले असे. एका जुन्या सामानाच्या दुकानात दोन गिटारी शेजारी शेजारी टांगलेल्या होत्या. एकीची वरची फळी गोल भोकाखाली घासून फिकी पडलेली, पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे, कडेला दोन ठिकाणी पॉलिश उडालेले. दुसरी आरशासारखी. भाव जवळपास सारखाच. आम्ही अर्थातच आरसा उचलला. घरी आणून तारा चढवल्या. महिना झाला नाही तोच डोक्याच्या मागे, मान जिथे सुरू होते तिथे, एक बारीक रेघ दिसू लागली आणि एका सकाळी पाहतो तर डोके पुढे झुकलेले. पूर्वी कधीतरी तुटलेले डोके चिकटवून त्यावर पॉलिशचा हात मारलेला होता. विकणाऱ्याला ते ठाऊक होते की नव्हते, अल्लाह जाणे.

ओळखीचे एक फर्निचर पॉलिशवाले चाचा आहेत, त्यांच्याकडे ती घेऊन गेलो. त्यांनी गिटार कधी वाजवलेली नाही, की दुरुस्तही केलेली नाही. त्यांनी मान उजेडाकडे तिरकी धरली, मागून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सगळा माल जुना आणि एवढीच जागा नवी, हे तुम्हाला खटकलं नाही का?" खटकायला हवे होते. पण चकाकी पाहून आमची तपासणी तिथेच संपली होती.

शेजारची ती ओरखड्यांची गिटार एका कॉलेजच्या पोराने नेली. ती अजून वाजते, असे कळते.

खूण कोणी पाडली?

लाकडी गिटारीवर दोन तऱ्हेच्या खुणा पडतात. काही वापरणाऱ्याच्या हाताने, कपड्याने, पट्ट्याने, पडल्या-आपटल्याने पडतात. काही तारांच्या ताणाने आणि हवेतील ओल-कोरडीने पडतात. पहिल्या जातीच्या खुणा बहुधा पॉलिशपुरत्या असतात. दुसऱ्या जातीच्या खुणा लाकूड हलल्याची खबर देतात. दिसायला दोन्ही कधी कधी अगदी सारख्या असतात आणि सौद्यात फसगत होते ती इथेच.

ताण किती असतो, याची कल्पना असावी. स्टीलच्या सहा तारा सुरात आणल्या की मिळून सुमारे 70 किलोचा ओढा देतात. नायलॉनच्या तारांचा ओढा याहून पुष्कळ कमी, साधारण 40 किलोच्या आसपास. हा ओढा जी वरची फळी सोसते तिची जाडी जेमतेम 3 मिलिमीटर. आतून लाकडी पट्ट्यांचा आधार असतो, तरीही ही फळी म्हणजे रात्रंदिवस भार वाहणारा हमालच. सतारीच्या तबलीवर काम केलेल्या कारागिराला हे वेगळे सांगायला नको.

आता हाताच्या खुणांकडे पाहू. वाजवणाऱ्याचा उजवा हात फळीच्या वरच्या कडेवर टेकतो, तिथे घामाने पॉलिश मंद होते, जुन्या लॅकरवर ती जागा चिकटसुद्धा लागते. पाठीवर बकल घासते. मानेच्या मागे अंगठा फिरून चकाकी जाते. भोकाखाली पिकचे फटके बसतात. म्हणून तिथे प्लास्टिकचा तुकडा लावलेला असतो, त्याला पिकगार्ड म्हणतात. या चारही जागी झीज असली तर गिटार वापरात होती, एवढेच त्यावरून समजावे. आमच्या मते ती थोडीफार चांगलीच खूण होय, कारण न वाजणारी गिटार कोणी वर्षानुवर्षे मांडीवर घेऊन बसत नाही. उलट दहा वर्षांच्या गिटारीवर अशी एकही झीज नसेल तर ती इतकी वर्षे कुठे होती ते विचारावे. माळ्यावर पत्र्याखाली उन्हाळे काढले असतील तर चकाकी शाबूत राहून आतले सांधे सुटलेले असू शकतात.

पिकची झीज किती दूर जाऊ शकते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकन गायक विली नेल्सन यांचे आहे. त्यांनी 1969 साली मार्टिन कंपनीची एन-20 ही गिटार घेतली. ती नायलॉनच्या तारांची, बोटांनी वाजवण्यासाठी बनवलेली, म्हणून तिला पिकगार्ड नव्हता. ते मात्र पिकने वाजवत राहिले आणि फळीला गोल भोकाशेजारी आणखी एक भोक पडले. आतल्या पट्ट्यांची वेळोवेळी दुरुस्ती करून घेत त्यांनी तीच गिटार पुढे अनेक दशके वाजवली. अर्थात आपल्या दुकानात कोणी असे भोक घेऊन आला तर भाव वाढवून देऊ नये. कर्ट कोबेन या गायकाची जुनी मार्टिन गिटार 2020 साली लिलावात 60 लाख डॉलरच्या वर गेली, तो नावाचा भाव होता. आपल्या गिऱ्हाइकाच्या ओरखड्यांना तो लागू नाही.

रेघ दिसली की थांबावे

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो बारीक रेघांबाबत. लाकडावर चढवलेल्या पॉलिशलाही चिरा जातात आणि लाकडालाही जातात. पॉलिशच्या चिरा जुन्या एनसी लॅकरवर हमखास आढळतात. लॅकर म्हातारे होऊन कडक होते, त्यातच थंड खोलीतून एकदम उन्हात गिटार नेली की वरच्या थराला जाळे पडते. या रेघा बऱ्याचदा लाकडाच्या नसेला आडव्या किंवा वेड्यावाकड्या, पुष्कळ आणि सारख्या बारीक असतात. जुन्या चिनी मातीच्या कपबशीवर दिसतात तशाच. त्याने आवाजाला काही होत नाही.

लाकडाचा तडा मात्र नसेच्या बरोबरीने सरळ धावतो. तो बहुधा एकटा असतो. नख आडवे फिरवले तर त्यात अडकते, आणि दोन्ही बाजूंना दोन अंगठे ठेवून अगदी हलके दाबले तर एक काठ दुसऱ्यापेक्षा खाली जातो. खात्री करायची तर तारा सैल करून गोल भोकातून छोटी टॉर्च आत सोडावी आणि दुकानातला दिवा बंद करावा. उघडा तडा असेल तर बाहेरून उजेडाची रेघ दिसते. मग टॉर्च बाहेर काढून एक लहान आरसा आत धरावा. बाहेर जिथे रेघ, तिथेच आतही रेघ असेल तर ते पॉलिश नव्हे, लाकूड फाटले आहे. आत त्या जागी लाकडाची छोटी चौकोनी ठिगळे ओळीने चिकटवलेली दिसली तर घाबरू नये. कोणीतरी तो तडा रीतसर बुजवला आहे. असा बुजवलेला तडा आम्ही लपवलेल्या तड्यापेक्षा शंभर पटीने पसंत करू.

तीन जागा खास पाहाव्यात. पहिली पिकगार्डची कड. जुन्या सेल्युलॉइडचे पिकगार्ड वर्षांनी आक्रसतात आणि खालचे लाकूड ओढून त्याच्या कडेने तडा पाडतात. दुसरी जागा ब्रिजच्या मागे, म्हणजे सतारीची घोडी बसते तशी ज्यात तारा अडकवतात त्या तुकड्याच्या मागे. तिसरी डोके आणि मान यांचा सांधा, जिथे आम्ही फसलो. गिटार पाठीवर पडली की मोडते ती बहुधा इथेच. चांगल्या हाताने चिकटवलेले डोके पुढे वर्षानुवर्षे टिकते, हेही खरे. पण तशा मालाचा भाव बिनमोडक्या मालाचा असू शकत नाही.

गिटारीची फळी अखंड लाकडाची की प्लायची, हेही आधी पाहून ठेवावे. गोल भोकाच्या कडेला नीट पाहिले तर समजते. वरच्या पृष्ठभागावरच्या रेघा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर अखंड लाकूड, आणि कडेला थरावर थर दिसले तर प्लाय. स्वस्त गिटारी बहुतेक प्लायच्याच असतात आणि प्लाय सहसा आरपार चिरत नाही. त्यामुळे स्वस्त मालावर रेघ दिसली तर ती पॉलिशची असण्याचा संभव जास्त. मात्र प्लायचे थर ओलीने सुटतात. बोटाने टकटक केल्यावर एखाद्या ठिकाणी पोकळ, फुटका आवाज आला तर ती जागा संशयास्पद समजावी.

नव्या गिटारींवर बहुधा पीयू किंवा पॉलिएस्टरचा जाड थर असतो. त्यावर ठोका बसला की आत पांढरा ठिपका पडतो किंवा टवका उडतो. दिसायला ते वाईट दिसते, नुकसान जवळजवळ काहीच नसते. याच्या नेमके उलट म्हणजे ब्रिजच्या मागची फुगलेली फळी. तिच्यावर एकही ओरखडा नसतो, म्हणून कोणी तिच्याकडे पाहत नाही. स्टीलच्या तारांच्या गिटारीला थोडा फुगवटा असणे स्वाभाविक आहे. पण फुगवट्याबरोबर भोकाजवळची फळी खचलेली असेल, किंवा ब्रिजची मागची कड उचलून तिच्याखाली पावतीचा कागद सरकत असेल, तर दुरुस्तीचा खर्च मनात धरूनच पुढे बोलावे.

पावसाळ्यात लाकूड ओल पिऊन फुगते आणि तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात. एसी खोलीत वर्षभर राहिलेली गिटार कोरडी पडून चिरते. गिटारीला मानवते ती साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता. आपल्या कोकणपट्टीत भर जुलैत ती कुठून आणायची, हा प्रश्नच आहे. म्हणून जुलैत घेतलेली गिटार थोडी फुगलेली वाटली तर लगेच नाकारू नये, आणि एसी ऑफिसातून आलेली मात्र टॉर्च लावल्याशिवाय घेऊ नये.

तारांची उंची मोजायला हत्यार लागत नाही. बँकेचे एक सपाट कार्ड पाऊण मिलिमीटरहून किंचित जाड असते. अशी तीन कार्डे एकावर एक ठेवून बाराव्या पडद्यावर, सर्वांत जाड तारेखाली सरकवावीत. स्टीलच्या तारांच्या गिटारीत ती नीट बसली आणि तार फारशी उचलली गेली नाही, तर उंची ठीक. पाच कार्डेही सैल जात असतील तर मान झुकली आहे किंवा फळी फुगली आहे. नायलॉनच्या गिटारीत मात्र पाच कार्डांपर्यंतची उंची चालण्यासारखी असते. मग एक लांब सरळ पट्टी मधल्या तारांच्या बाजूने पडद्यांवर ठेवून ब्रिजकडे न्यावी. तिचे टोक ब्रिजच्या माथ्याला लागले पाहिजे. ते ब्रिजच्या पोटात जाऊन धडकत असेल तर मानेचा सांधा उघडून पुन्हा बसवावा लागतो, आणि हे काम साध्या गिटारीच्या किमतीपेक्षा महाग पडते. असा माल चकचकीत असला तरी सोडून द्यावा.

पडद्यांची झीज ओरखड्यांत मोजू नये. पहिल्या तीन-चार पडद्यांवर बारीक तारांखाली खोल खाचा पडल्या असतील तर तारा घणघणतात आणि पडदे घासून किंवा बदलून घ्यावे लागतात. तो खर्च सौद्यातून वजा करावा.

पॉलिशचा मोह

आता आमच्या कारागीर बांधवांसाठी दोन शब्द. जुना माल आला की "घासून नवा करून टाकू" हा आपला पहिला विचार असतो. टेबल-खुर्चीला ते ठीक. गिटारीची फळी 3 मिलिमीटरची आहे. पॉलिश पेपर मारून त्यातला थोडा जरी भाग गेला तरी ताकद जाते. वर पीयूचा जाड हात दिला की फळी मोकळी थरथरत नाही आणि आवाज दबतो. नावाजलेल्या कंपनीच्या जुन्या गिटारीचे तर मूळ पॉलिश, ओरखड्यांसकट, हाच तिच्या भावाचा मोठा हिस्सा असतो. जाणकार गिऱ्हाईक नवे पॉलिश लगेच ओळखते. ब्रिजच्या कडेला लॅकर साचलेले असते, खुंट्यांच्या स्क्रूंच्या भोकांत उतरलेले असते, पिकगार्डच्या खाली आणि बाहेर लाकडाचा रंग एकसारखा असतो. पिवळट पडायला वर्षे लागतात, आणि पिकगार्डखालची जागा फिकीच राहायला हवी. आम्ही फसलो तेव्हा स्क्रूची भोके पाहिली असती तरी काम झाले असते.

दबलेल्या जागेवर ओला कपडा ठेवून इस्त्री फिरवण्याची सुतारकामातली युक्ती इथे वापरू नये. उष्णतेने आतला सरेस सुटतो आणि लॅकरवर पांढरा डाग उठतो. सिलिकॉनचे चकाकीचे फवारेही नकोत, कारण पुढे दुरुस्तीच्या वेळी त्या जागी पॉलिश धरत नाही. जुन्या चपड्याच्या पॉलिशला स्पिरिटचा बोळा लावणे तर दूरच, ते जागच्या जागी विरघळते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांना ही शिस्त पिढ्यान् पिढ्या अंगवळणी पडलेली आहे. त्या वाद्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या जवळपास असा कारागीर असेल तर गिटारीचा तडा त्याला दाखवायला संकोच करू नये. वाद्य निराळे असले तरी पातळ फळी आणि ताण या दोन्ही गोष्टी त्याच्या ओळखीच्या आहेत.

मग करायचे काय? किंचित ओल्या मऊ फडक्याने घाम आणि मळ काढावा, खुंट्यांचे स्क्रू कसावेत, सुटलेली आतली पट्टी चिकटवावी, नव्या तारा चढवाव्यात. एवढ्यावर बहुतेक गिटारी विकण्याजोग्या होतात. ओरखडे राहू द्यावेत.

हिशेबही पाहू. समजा एखादी गिटार नीट अवस्थेत 6,000 रुपयांना विकली जाते. ओरखड्यांकडे बोट दाखवून आपण ती 3,000 ला घेतली, तारा आणि सफाईत 600 गेले, आणि ओरखड्यांसह 5,000 ला विकली. 1,400 उरले. तीच जर चकाकीला भुलून 4,500 ला घेतली आणि मागाहून ब्रिज उचललेला निघाला, दुरुस्तीत 1,500 गेले, तर 6,000 ला विकूनही हाती शून्य. मात्र ओरखड्यांचे भय दाखवून विकणाऱ्याला फार पिळू नये. पुष्कळदा ते कोणाच्या तरी मुलाचे पहिले वाद्य असते आणि घरच्यांना त्याची किंमत ठाऊक असते. रागावून ते गिटार परत घेऊन जातात आणि पुढच्या वेळी कपाट विकायलाही दुसऱ्याकडे जातात.

विकताना ऐब सांगून विकावा, हे आपल्या वाचकांना आम्ही नव्याने सांगायला नको. पण तो तोंडी न सांगता पावतीवर लिहावा. आमच्या ओळखीचे एक दुकानदार आता तसे करतात: "पाठीवर बकलाचे ओरखडे, पॉलिशपुरते. पिकगार्डशेजारी 4 सेंटिमीटरचा तडा, आतून बुजवलेला. मान सरळ, डोके मोडलेले नाही." खाली तारीख आणि दोघांची सही. महिन्याने गिऱ्हाईक रेघ दाखवायला आले, की ती पावतीत आहे की नाही एवढेच पाहायचे असते.